पहिलं घर आपलं

धाकट्या भावाची जीभ त्याच्याही आधी निवडून यायला निघाली आहे, हे नानासो निकमांना गेल्या रविवारीच कळलं होतं. हंबीरराव सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला गडी. एरवी दहा वाक्यांच्या जागी दोन बोलणारा. पण जिल्हा परिषदेची उमेदवारी मिळाली, गळ्यात उपरणं पडलं आणि माणूस पार बदलला. त्यात समोर उभा कोण, तर सख्खा पुतण्या वीरधवल. सगळ्यांत थोरले बंधू वारल्यावर दोघा काकांनी मिळून ज्याला वाढवलं, तोच आता दुसऱ्या पक्षाचं उपरणं घालून दारोदार हात जोडत होता. म्हणजे भांडण घरातलं आणि तमाशा गावाला फुकट.

बरं, भांडायला मुद्दा तरी कुठला? तोही वरून आलेला. सांगलीच्या मोठ्या सभेत एका पक्षाच्या नेत्यानं सांगितलं, परदेशातून आश्रयाला म्हणून शिरलेल्यांना महिन्यात हाकलू. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाचा नेता म्हणाला, पंधरा दिवसांत. मग पहिल्यानं आठवड्यावर आणलं. ती बोली झिरपत झिरपत कडेगाव तालुक्यातल्या ह्या गावात आली. गावात परदेशी म्हणाल तर गोठ्यातल्या जर्सी गायी तेवढ्या. उलट गावातली अर्धी घरंच परमुलखात. सराफांच्या दुकानातली धूळ विकत घ्यायची, ती धुऊन, भट्टीत आटवून तिच्यातून सोनं वेगळं काढायचं, ह्या गलाईच्या धंद्यापायी इथली माणसं तीन पिढ्या केरळापासून आसामापर्यंत पांगलेली. नानासोंनी स्वतः पस्तीस वर्षं तमिळनाडूत, कुंभकोणमला भट्टी लावली. आता ती त्यांचा मुलगा सूरज चालवत होता.

पण चढाओढीला कशाचीच आडकाठी नसते. गेल्या रविवारी भैरोबाच्या देवळापुढं दोन्ही उमेदवारांची एकत्र सभा झाली. वीरधवल म्हणाला, मी निवडून आलो की घराघरांत तपासणी करू. हंबीररावांनी त्याच्या हातातला माईक जवळजवळ ओढूनच घेतला आणि पुजाऱ्याकडून बेलभंडार मागवला.

"निवडून आल्यावर कशाला? पुढच्या रविवारी, हितंच, पाच वाजता! आन् पहिलं घर आमचं. माझ्या बंधूंचं, नानासोंचं. सुनांसकट समद्यांचं कागद गावाला दाखवीन, मग दुसऱ्याच्या दारात जाईन."

देवाचा बेलभंडार उचलून बोललेला शब्द ह्या गावात मागं घेता येत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पारावर बसलेले नानासो मात्र टाळ्या थांबायच्या आतच उठून घराकडं निघाले.

आज तो पुढचा रविवार उजाडला होता. दुपारी बाराच्या सुमाराला हंबीरराव प्लॅस्टिकची फाईल काखेत मारून नानासोंच्या बंगल्यात आले. मागोमाग वीरधवल.

"तू कशाला रं?" हंबीररावांनी विचारलं.

"साक्षीला, तात्या. पहिलं घर खरंच तपासलं का नुसतंच टाळ्यांपुरतं हुतं, ते गावाला कळाया नको?" वीरधवलनं फोन काढला आणि टीपॉयवर उभा करून ठेवला. "रेकॉर्ड करतो. तुमची हरकत न्हाई न्हवं?"

"कर की! लपवायला हाय काय हितं?"

हंबीररावांनी फाईल उघडली. नानासोंचा शाळेचा दाखला, धोंडुबाईंचा, सूरजचा जन्मदाखला, नातीचा. सगळं शिस्तीत, पलटणीत किट मांडावं तसं. धोंडुबाई गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय स्टुलावर ठेवून कौतुकानं बघत होत्या. घरात त्या पहिल्यापासून धाकट्या दिराच्या बाजूच्या. वीरधवलनं दुसऱ्या पक्षाचं उपरणं घातल्यापासून त्यांनी त्याला चहासुद्धा अर्धा कपच द्यायचा पण केला होता.

"आता सूनबाईचा दाखला तेवढा द्या, वहिनी. आधार नको. जन्माचा पुरावा पायजे, आसं मीच सभेत बोलून बसलोय."

"शिवांजली," धोंडुबाईंनी स्वयंपाकघराकडं हाक मारली, "तुझा दाखला आण गं बाई. तात्या थांबल्यात."

शिवांजली पदराला हात पुसत बाहेर आली. सात वर्षांपूर्वी सूरजनं तिला कुंभकोणमहून लग्न करून आणलं. गोऱ्या सुना आणणाऱ्या भावकीत ही काळीसावळी, बारीक, मोठ्या डोळ्यांची. आल्या आल्या रीतीप्रमाणं ताटातल्या तांदळात सूरजनं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, शिवांजली. माहेरचं यालिनी हे नाव त्या ताटाबरोबर उचललं गेलं, आणि परत कुणी काढलं नाही. मराठी ती सहा महिन्यांत शिकली, तीही इथलीच, हेल काढून बोलायची. सासूच्या ऑपरेशनपासून ती गावातच होती. दर दोन महिन्यांनी तेवढी ती चार दिवस कुंभकोणमला जायची. भावाला भेटायला, म्हणायची. धोंडुबाईंना ते पटायचं नाही. एवढा कसला भाऊ, त्या कुरकुरायच्या.

"दाखला न्हाई, आत्या," ती म्हणाली.

"हरवला व्हय?"

ती नानासोंकडं वळली. सासऱ्याशी ती तमिळमध्ये बोलायची, अगदी घरगुती गोष्टीसुद्धा. सूरज सोडला तर घरात दुसऱ्या कुणाला ती भाषा येत नव्हती. हलक्या आवाजात तिनं एकच वाक्य विचारलं. सांगून टाकू का, मामा?

ती काय सांगणार ते नानासोंना ठाऊक होतं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. साखरपुड्याच्या दिवशी ही पोरगी तिच्या भावाशी दोन वाक्यं बोलली आणि पस्तीस वर्षं कावेरीकाठी घालवलेल्या माणसाचे कान टवकारले होते. ती बोली तिथली नव्हती. जुनी, सावकाश, प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखी. असं तमिळ नानासोंनी फक्त समुद्रापलीकडून आलेल्यांच्या तोंडून ऐकलं होतं. श्रीलंकेतून होड्यांतून पळून आलेले, छावण्यांत राहणारे लोक. मुलाला त्यांनी विचारलं नाही, सुनेला नाही, बायकोला तर नाहीच. घरात सुख होतं. सुखाला प्रश्न विचारायचा नसतो, असं त्यांचं मत.

"म्हनती," नानासो सगळ्यांना म्हणाले, "कुंभकोणमला कावेरीला पूर आला हुता, त्यात घरातलं समदं कागद गेलं."

हंबीररावांनी मान डोलावली. "मग तसं लेखी आणाय पायजे तिथल्या—"

"मामा." शिवांजली आता मराठीत बोलली. "मी आसं म्हनले न्हाई."

वीरधवल पुढं सरकून बसला.

"मी काय म्हनले ते सांगा. आन् आता जे म्हनीन ते बी तसंच सांगा, कमीजास्त नको. मला स्वयंपाकाची मराठी येती, ह्याची येत न्हाई."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता. नानासोंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना वाटलं, आपण ह्या मुलीला सात वर्षं पाहिलंच नाही. तिला दडवणं म्हणजे तिच्यावर उपकार करणं, अशा समजुतीत आपण होतो. त्यांना लाज वाटली. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पेढीवर दोन व्यापाऱ्यांच्या मधे बसायचे तसे ताठ बसले.

ती बोलत गेली आणि ते सांगत गेले. पेढीवरची सवय अशी, की समोरचा मी म्हणाला की आपणही मीच म्हणायचं.

"मी श्रीलंकेची. मन्नार बेटावरची. आमी मासे धरणारं लोक. मी बारा वर्साची आस्ताना लढाई परत पेटली. चर्चमदी झोपायचो, शाळंत झोपायचो. मग आई म्हनली, आता भारतात जायचं. सतरा माणसं एका होडीत बसलो. पहाटं होडीवाला म्हनला, भारत आला, उतरा. आमी उतरलो. होडी गेली. उजाडलं तवा बघतोय तर भारत न्हवता. समुद्राच्या मदोमद वाळूची पट्टी हुती, ह्या हॉलएवढी. चारी बाजूला पाणी."

"देवा," धोंडुबाई पुटपुटल्या.

"दुपारी वाळू बुडाया लागली. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. मोठ्यांनी हात धरून गोल केला, पोरं मदी घेतली. अंधार पडला तवा पाणी माझ्या छातीला हुतं. धाकट्या भावाला मी मानेवर घेतलं. त्यो इचारायचा, ह्योच का भारत? आई म्हनायची, व्हय, ह्योच."

नानासोंनी पाण्याचा तांब्या उचलला. ती थांबली, सासऱ्यानं घोटभर पाणी प्यायची वाट पाहिली, आणि पुढं बोलू लागली.

"अंधारात कोन हाय, कोन गेलं, कसं कळणार? आईनं सांगितलं, पाळीपाळीनं आपापलं नाव घ्यायचं. मोठ्यांदी. सतरा झाली की परत पहिल्यापासनं. रातभर आमी नावं घेतली. रत्नम, नागम्मा, पुष्पराणी, सेल्वम... सातवं नाव माझं. यालिनी. आठवं भावाचं. झोप आली की मागचा ढोसायचा, तुझी पाळी हाय."

ह्यापुढं भाषांतराची गरज नव्हती. ती नावं घेत होती आणि नानासो पाठोपाठ तीच नावं घेत होते. वीस वर्षांपूर्वीच्या त्या पाण्यातला क्रम तिनं एकदाही चुकवला नाही. हंबीरराव आपोआप सावधान बसले होते. रात्रीची गिनती त्यांनी तीस वर्षं केली होती, पण असली नाही.

"अकरावं नाव," नानासो म्हणाले, "तवराजा. पहाटं अकराव्या पाळीला कुनी ओ दिली न्हाई. आमी थांबलो. परत हाक मारली. मग बाराव्यानं आपलं नाव घेतलं. अकरावं नाव माझ्या वडिलांचं हुतं."

धोंडुबाईंनी हात जोडले.

"दिवस वर आल्यावर कोळ्यांच्या होडीनं आमाला उचललं. बंदूकवाले लोक आलं, त्यांनी नावं लिहून घेतली. मी त्यांना सतराच सांगितली. तवापासनं मी छावणीची. माझा कागद म्हंजे ह्यो."

तिनं ब्लाउजमधून पिशवी काढली, तिच्यातून घड्या पडलेलं कार्ड. छावणीचं. बारा वर्षांची पोर, आई, पाच वर्षांचा भाऊ. "दर दोन म्हैन्याला मी भावाला भेटाय जात न्हाई," ती आता मराठीत म्हणाली. "म्हंजे भेटते. पर हजेरीची सही कराया जाते."

धोंडुबाई सुनेकडं वळल्या. "सात वर्सं माझी सून हायस, माझ्या पायाला तेल लावतीस, आन् मला एवढं सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई, आत्या. तुमी इचारलं, भाकरी येती का."

हे धोंडुबाईंच्या वर्मी लागलं. त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतला, डॉक्टरांनी बजावलेलं विसरून उठल्या, लंगडत गेल्या आणि सुनेच्या शेजारी बसून तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. मग दिराकडं असं बघितलं, की चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हंबीररावांना वहिनींची भीती वाटली.

"तात्या, तुमचा बेलभंडार आता काय म्हनतोय?"

हंबीरराव कार्डाकडं बघत होते. "मन्नार," ते म्हणाले. "बेटाला जायला लांबडा पूल हाय. दोन्ही अंगाला खारं पाणी. गाढवं फिरत्यात."

शिवांजलीनं चमकून वर पाहिलं.

"भारतानं लंकेत धाडलेल्या शांतिसेनेत हुतो मी, अठ्ठ्याऐंशी साली. वीस वर्साचा. त्या पुलावरच्या नाक्यावर उभा करायचं मला. येणाऱ्या-जाणाऱ्यास्नी कागद मागायचो." त्यांनी कार्डाची घडी सरळ केली. "त्यांचं गाव, त्यांचा पूल. परका मी हुतो. आन् कागद त्यांनी दाखवायचा."

"माझी आई रोज त्या पुलावरनं जायची," ती म्हणाली. "मासे घिऊन."

हंबीररावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि पुसतच राहिले. ही गोष्ट त्यांनी घरात कधीच सांगितली नव्हती. नानासो कधी भावाकडं, कधी सुनेकडं बघत राहिले. कुठला पूल, कुठलं बेट, आणि ती दोन्ही टोकं आपल्याच हॉलमध्ये येऊन बसलेली. देवळात गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो, तसा त्यांच्या अंगावर आला होता.

भानावर होता तो एकटा वीरधवल. त्यानं टीपॉयवरचा फोन उचलला.

"हे समदं ह्यात हाय," तो सावकाश म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण डोळ्यांत निवडणूकही होती. "तात्या, तुमच्याच घरात... आन् तुमी बेलभंडार उचललाय. मी काय करावं, तुमीच सांगा."

"वीरभावजी," शिवांजली म्हणाली, "तुमी मागनं सांगू नका. सांगायचं तर समोर सांगा. मी पाचला येनार हाय."

तो फोन घेऊन निघून गेला. धोंडुबाईंनी त्याच्या पाठीमागं हाक मारली, पण थांबला नाही.

"नको येऊस, पोरी," हंबीरराव म्हणाले. "मी उमेदवारी सोडतो. आजारी पडलो म्हनतो."

"शब्द तुमचा हाय, तात्या. आन् घर माझं बी हाय." ती उठली. "पान्यात हुते तवा बारा वर्साची हुते. हितं तर जमीन हाय पायाखाली."

पाच वाजता देवळापुढं माणूस मावत नव्हता. पहिलं घर बघायला शेजारच्या दोन वाड्याही आल्या होत्या. हंबीरराव माईकपुढं उभे राहिले. भाषण असं केलंच नाही. फाईल उघडली, एकेक दाखला दाखवला, शेवटी ते घडीचं कार्ड वर धरलं आणि सरळ सांगितलं. माझी सून श्रीलंकेची. निर्वासित. लढाईतनं आली. मग पुलावरचा नाका सांगितला.

"देवाला बोललो तसं दावलं. आता कुनाला वाटत आसंल ही गावात नको, तर त्यानं आधी मला गावातनं काढावं."

टाळी नाही, शिट्टी नाही. नानासो सुनेशेजारी उभे होते आणि त्यांचं सगळं लक्ष वीरधवलकडं होतं. तो फोन हातात घेऊन माईककडं निघाला होता. पंधरा दिवसांवर मतदान. समोर काकानं आपणहून मान पुढं केलेली. एक बोट दाबलं असतं तरी पुरे होतं. धोंडुबाईंनी डोळे मिटून घेतले.

वीरधवलनं फोनकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. मग फोन खिशात टाकला.

"तात्या म्हनत्यात, त्यांची सून," तो म्हणाला. "आवं, ती माझी भावजय हाय! तात्या म्हनत्यात, मला गावातनं काढा. मी म्हनतो, तिला न्यायला येनारी गाडी वेशीतनं आत तर येऊ दे. मी आडवा झोपतो गाडीपुढं!"

आता मात्र टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. हंबीररावांना राहवलं नाही, ते पुन्हा माईककडं आले. मी दिल्लीपतूर जाईन. वीरधवल म्हणाला, मी उपोषणाला बसतो. काका म्हणाले, तू काय बसतोस, तुला दुपारचं जेवान चुकत न्हाई. गाव हसलं, टाळ्या वाढल्या, भैरोबाच्या नावानं चांगभलं झालं.

"बाई बाई, आता ह्यात बी चढाओढ!" धोंडुबाई म्हणाल्या. "सकाळपतूर हाकलायची, आता ठिवायची." पण डोळे पुसत होत्या.

नानासोंना हसू येत होतं आणि रडूही. अख्खं गाव त्यांच्या सुनेच्या बाजूनं झालं होतं. त्यांनी अभिमानानं तिच्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. गर्दी पांगू लागली तेव्हा ती त्यांच्याकडं झुकली आणि तमिळमध्ये हलकेच एक प्रश्न विचारला.

नानासो गडबडले. "तवा मी हाय की," ते तिला तमिळमध्येच म्हणाले.

"तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात, मामा," ती त्याच भाषेत म्हणाली. तिनं हे मायेनं म्हटलं, पण म्हटलं.

हंबीरराव आणि वीरधवल घामाघूम होऊन खाली आले होते. कित्येक आठवड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. "काय म्हनती सूनबाई?" हंबीररावांनी विचारलं.

काहीतरी गोड सांगता आलं असतं. खूश हाय म्हनती, तुमचे पाय धरते म्हनती. दुपारपर्यंतच्या नानासोंनी तेच सांगितलं असतं.

"ती इचारती," ते म्हणाले, "मतं पडल्यावर काय?"

वीरधवलचा हात काकाच्या खांद्यावरून खाली आला. लोक चपला शोधत होते. मंडपवाला खाली बसून माईकची वायर हातावर गुंडाळत होता. हंबीररावांनी पुतण्याकडं पाहिलं, पुतण्यानं त्यांच्याकडं.

"वायर गुंडाळू नको रं," हंबीरराव मंडपवाल्याला ओरडले. "माईक चालू कर परत. माणसास्नी थांबाय सांग." मग पुतण्याला म्हणाले, "चल. तू बी चल. जिंकलो तर काय करायचं आन् हरलो तर काय करायचं, दोन्ही सांगायचं. टाळ्या पडणार न्हाईत ह्याला."

दोघं पुन्हा पायऱ्या चढले, ह्या वेळी सावकाश. यालिनी पुढं गेली आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर, माईकच्या अगदी समोर जाऊन बसली.